हात उचला, अम्मा

त्या आल्या की आधी उजव्या हाताला बसवत आणि मग स्वतः बसत. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरायचं, तो मांडीवर आणून ठेवायचा, त्यावर पदर टाकायचा आणि मग भिंतीला टेकायचं. त्यानंतरही मनगट सुटायचं नाही. हवालदारानं पाकीटमार पकडून आणावा आणि साहेब येईपर्यंत बाकावर शेजारी बसवून ठेवावा, तसा तो हात त्या धरून ठेवत. कुणी विचारलं, "कसा आहे आता?" तर म्हणत, "राहू द्या त्याले."

हाताबद्दल त्या नेहमी तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं बोलत. 'तो नाई ऐकत.' 'त्याचं मन नाई आज.' 'मला दुखतं' असं मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. ताप त्यांच्या अंगात असतो आणि त्या 'घरात आजारपण आहे' असं सांगतात.

आमची गाठ पडली ती आदिलाबादच्या एका फिजिओथेरपीच्या खोलीत. बाजारामागच्या गल्लीत खाली औषधाचं दुकान आणि वर ही खोली. गुडघ्याचे पेशंट जिना कसा चढतील, हा विचार बांधणाऱ्याच्या मनात आला नसावा. आत तीन खाटा, दाराच्या चौकटीला कप्पी आणि दोरी, भिंतीवर एक लाकडी चाक. सकाळी दहाला तिथं तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कण्हणं ऐकू येई. मी सरकारी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे कुठल्या भाषेत माणूस जास्त गोड कण्हतो याकडे माझं लक्ष असायचं. माझा कौल उर्दूला होता.

माझा डावा खांदा, त्यांचा उजवा. दोघींच्या खांद्याची नस तुटलेली, दोघींचं ऑपरेशन पावसाळ्याच्या तोंडाशी झालेलं. माझं हैदराबादला, त्यांचं नागपूरला. दोघींनी नुकतीच पन्नाशी ओलांडलेली आणि दोघींची पाळी जाण्याच्या वाटेवर. पंख्याखालच्या जागेवरून आमची पहिली ओळख झाली. अंगातून वाफ निघाली की मी वहीनं वारा घेई आणि मोठ्यानं करवादे. त्या नुसत्या पदरानं मान पुसत आणि डोळे मिटून घेत. मी त्यांना 'ताई' म्हणायला लागले. त्या मला 'मॅडम' म्हणत, जसं आमच्याकडे साडी नीट नेसलेल्या कुठल्याही बाईला म्हणतात.

बेल्याजवळच्या एका गावात त्यांचं घर. घरचा भाजीपाला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर पिकवायची आणि आदिलाबादच्या बाजारात आणायचा. वांग्याच्या वाफ्यात पाय घसरून त्या उजव्या खांद्यावर पडल्या होत्या. त्यांची सून त्यांना बसमधून घेऊन येई. मुलगी चांगली होती, आदिलाबादचीच, हसरी. एकदा तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, आई रात्री गुपचूप उठून डाव्या हातानं भांडे घासून ठेवतात. मी काही म्हटलं का रडतात. म्हणतात, तुह्या हातून मी सेवा नाई घेऊ शकत. आता सांगा, सेवा कायची, एक गिलास चहा तर देते मी."

मला हे कळेना. मला स्वतःला आराम करायची कधीच लाज वाटली नाही. ऑपरेशननंतर मी माझ्या नवऱ्याकडून पोळ्या करून घेतल्या, त्या गोल नाहीत म्हणून नावंही ठेवली आणि दुपारी ताणून दिली. कदाचित म्हणूनच माझा हात भराभर सुटत गेला. गणपती बसले तेव्हा मी डाव्या हातानं आरतीचं ताट धरू शकत होते. त्यांचा हात मात्र छातीच्या वर यायला तयार नव्हता.

आमचा थेरपिस्ट तिशीतला, करीमनगरकडचा, तेलुगू माणूस. पेशंटांकडून ऐकून ऐकून तो मराठी शिकला होता. त्याच्या मराठीत सगळ्या बायका 'अम्मा' आणि सगळी हाडं पुल्लिंगी होती. आमच्या हाताला तो हलकेच आधार देई आणि एका सुरात म्हणत राही, "हात उचला, अम्मा. उचला. हात उचला. आणखी उचला." माझा हात जाई. ताईंचा अर्ध्यावर यायचा आणि थांबायचा. तिथं त्या ओठ घट्ट मिटत, कपाळावर घाम येई आणि डावा हात जाऊन उजव्याला खाली घेऊन येई. "राहू द्या त्याले."

नागपूरच्या डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढून पाहिले. शिवण पक्की होती. नस जुळली होती. खांद्यात बिघाड असा काहीच नव्हता. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत हात मोकळा झाला नाही तर भूल देऊन तो जोर लावून सोडवावा लागेल, आणि त्यात शिवण उसवली तर मग काही सांगता येत नाही." सुनेनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा ताई भिंतीकडे बघत होत्या. त्या घरात मेथीच्या जुड्या बांधायला, टोपली उचलून देणाऱ्याच्या हाताला हात लावायला, भाकर थापायला तोच हात होता. दिवाळी काही फार लांब नव्हती.

त्या दिवशी मी जे बोलले ते चिडून बोलले नाही, हेच वाईट आहे. मी गंमत केली. शाळेत तीस वर्षं पोरांना हसवून कामाला लावायची सवय. थेरपिस्ट म्हणत होता, "हात उचला, अम्मा," ताई थांबल्या होत्या, सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. मी माझ्या खाटेवरून म्हटलं, "उचला हो ताई. नुसता उचलायचाय, कुणावर उचलायचा नाहीये."

मराठी कळणारे सगळे हसले. उर्दूवाल्या चाची उशिरा हसल्या, पण हसल्या. ताईंचा चेहरा पांढरा पडला. मानेवरून घामाच्या धारा लागल्या. थेरपिस्टला वाटलं, बीपी खाली गेलं. मला वाटलं, वाफ आली असेल, म्हणून मी पंखा त्यांच्याकडे वळवला आणि स्वतःवर खूश झाले. त्यानंतर त्या यायच्या बंद झाल्या.

मला त्या पुन्हा दिसल्या त्या बसस्टँडवर. मी शाळेतून येत होते. त्या बेल्याच्या गाडीची वाट बघत एकट्याच बसल्या होत्या. सून काही घ्यायला बाजारात गेली होती. मी शेजारी बसले आणि विचारलं, "ताई, येत का नाही तुम्ही?" माझ्या आवाजात थोडं मास्तरपण आलं असणार. त्या म्हणाल्या, "तुमाले कोनी सांगितलं, मॅडम?"

"काय सांगितलं?"

"का म्या हात उचलला म्हनून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आम्ही सगळे महिनाभर त्या बाईला दहा-दहा वेळा काय म्हणत होतो, ते तेव्हा मला ऐकू आलं. हात उचला. मी मराठीची बाई, पण हे दोन शब्द मला त्या दिवसापर्यंत एकाच अर्थाचे वाटत होते.

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते.

"माही सासू आखरीले भ्रमिष्ट झाली होती. ओट्यावर बसे अन् येनाऱ्या-जानाऱ्याले सांगे, सून मले मारते. लोक हासत. मी बी हासो. साऱ्या गावाले माहीत होतं का मी बुढीले लेकरावानी पाह्यतो. मंग माहे हे दिवस आले. रात्री झोप नाई. उठून बसो, लुगडं सारं वलं. दिवसा डोकं भनभन करे. कोनी भांडं वाजवलं तरी वाटे का त्याचा जीव घ्यावा. त्या दुपारी तिले जेवू घातलं. हात धुतले अन् म्हने, मले जेवाले दे. पुन्हा दिलं. पुन्हा म्हने, जेवाले दे. मंग ओट्यावर जाऊन वरडाले लागली, सून मारते, उपाशी ठेवते. म्या तिले धरून आत आनलं. अन् उचलला." त्यांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. "गालावर. यानंच."

मी काही बोलणार होते, पण त्यांचं संपलं नव्हतं.

"त्या दिवसापासून तिनं म्हननं सोडलं, मॅडम. सून मारते, असं पुन्हा कोनालेच नाई सांगितलं. मरेपर्यंत नाई. मारत नव्हतो तवा गावभर सांगे. मारलं अन् चूप झाली. मी जवळ गेलो का मले पाहे. बस, पाहे."

त्यानंतर काही आठवड्यांतच म्हातारी गेली. गाव म्हणालं, शेवटी बुढी शांत झाली, सुनेच्या सेवेनं शांत झाली. तेरवीला बोथहून आलेल्या ननंदेनं सगळ्यांसमोर ताईंना लुगडं दिलं आणि पाया पडली. ननंद वयानं मोठी. म्हणाली, माझ्या मायचं तू केलं तसं मी पोटची असून केलं नसतं. ताईंना ते लुगडं घ्यावं लागलं. मग वांग्याच्या वाफ्यातलं ते पडणं. "पडलो तवा खांद्यात कट्कन वाजलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, बरं झालं. याले पायजेच होतं."

आता तुम्ही मला सांगा, यावर काय बोलायचं असतं? मी तेच बोलले जे सगळे बोलतात. "ताई, इतकी वर्षं केलंत. एखाद्या वेळी होतं. त्या वयात आपलं आपल्याला कळत नसतं, झोप नसते, डोकं ठिकाणावर नसतं." हे सगळं खरं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "ननदेले सांगाव म्हनतो. तिची माय होती. पित्तराले येईन ते."

आणि मी घाईनं म्हटलं, "मुळीच सांगू नका. ननंदेला तर अजिबात नको."

हे मी का म्हटलं ते बस आल्यावर, त्या गेल्यावर, मला कळलं. माझी आई माझ्या भावाकडे असते. भाऊ बेल्यालाच असतो, त्याचं छोटं दुकान आहे. आईचं सगळं वहिनी करते. आईलाही आता कधी कधी मी कोण ते आठवत नाही. मी महिन्यातून एकदा जाते, बिस्किटांचा पुडा नेते, आईच्या हातावरून हात फिरवते आणि येताना वहिनीला म्हणते, "तू आहेस म्हणून." वहिनीचं वय माझ्याएवढंच. म्हणजे मीही कुणाची तरी ननंदच, आणि ननंदेला जे ऐकायचं नसतं ते मी बसस्टँडवर बसून दुसऱ्याच बाईला गिळायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी थेरपिस्टला एवढंच म्हटलं की 'हात उचलणे' म्हणजे मराठीत मारणे असंही होतं, तर त्या बाईंशी हा शब्द नको. त्याचं तोंड उतरलं. "मॅडम, मग चार वर्षांपासून मी सगळ्या मराठी लोकांना मारा मारा बोलून राहिलो?" मी त्याची समजूत घातली. मग आम्ही दोघं दुसरा शब्द शोधायला बसलो. 'हात वर करा' म्हटलं तर तो अंग काढून घेणारा झाला. 'हात पसरा' म्हणजे भीक मागा. 'हात टाका' तर पोलीस केसच. 'हात दाखवा' म्हटलं तर फसवणूक. हात जोडा, हात टेका, हात झटका. जन्मभर जी भाषा शिकवली तिच्यात एका बाईनं आपला हात सरळ डोक्यापर्यंत न्यावा यासाठी एक निर्दोष शब्द मला मिळेना. शेवटी मी कंटाळून म्हटलं, "तुमच्यात काय म्हणतात हो?"

"पैकि," तो म्हणाला. "वर. चेय्यि पैकि."

मी सुनेच्या फोनवर फोन केला आणि ताईंना द्यायला सांगितला. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि तिथं तो शब्द आता कुणी उच्चारणार नाही, एवढं म्हटलं. पलीकडून "येतो" आलं.

त्या आल्या, हाताला बसवलं, स्वतः बसल्या. थेरपिस्टनं आधार दिला आणि फार जपून म्हणाला, "पैकि, अम्मा. पैकि." ताईंनी माझ्याकडे बघितलं. चौथी शिकलेल्या त्या. म्हणाल्या, "कितीपैकी?"

मी म्हटलं, "शंभरपैकी जेवढे मिळतील तेवढे."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. आणि हात उठला. कमरेच्या वर, छातीपाशी, जिथं तो रोज थांबायचा तिथून आणखी थोडा. "इंकोंचेम," थेरपिस्ट म्हणाला. थोडं आणखी. मराठीत जो हात जागचा हलत नव्हता तो तेलुगूत खांद्याच्या रेषेत आला. त्या शब्दाला त्यांच्या घरचं काहीच माहीत नव्हतं, एवढंच त्याचं पुण्य.

पण शब्दाच्या जोरावर हात किती जाणार. खांद्याशी तो पुन्हा अडला. रात्री झोप नव्हतीच. तिथल्या एका बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी माझ्या वाफांसाठी जात असे, तिकडे मी ताईंनाही नेलं. त्यांनी खांदा पाहिलाच नाही. विचारलं, "झोप लागते का? रडू येतं का?" ताई म्हणाल्या, "कापूस फुटाले आला बाई, रडाले टाइम कुठी आहे?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "या वयात शरीर जसं तापतं तसं मनही हळवं होतं. मन असं दबलेलं राहिलं की दुखणं दुप्पट लागतं आणि जखम भरायलाही वेळ लागतो. तुमचा खांदा एकटा नाही बरा होणार." औषध दिलं, आणि दर पंधरवड्याला येणाऱ्या मनाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. ताईंच्या घरी यावरून कुजबुज झाली. आई वेडी झाली का, असं मुलानं विचारलं. सुनेनं त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण ती सासूला घेऊन गेली.

त्या गोळ्यांनी झोप लागायला लागली. थोडी. आणि थोडं बळ आलं तसं त्यांनी मी नको म्हटलेलं काम केलं.

पितृपक्षात म्हातारीच्या तिथीला बोथहून ननंद आली. घरात वडे, खीर, कढी. पित्तराला पान वाढून झालं. ताईंनी ननंदेला चुलीजवळ बोलावलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, ओट्यावरच्या ओरडण्यापासून म्हातारीच्या त्या बघण्यापर्यंत. ननंदेच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला. चप्पल घातली आणि जेवल्याशिवाय निघून गेली. भाऊ, म्हणजे ताईंचा नवरा, विचारत राहिला, काय झालं, काऊन चालली. ती म्हणाली, "बस आहे."

ताईंनी मला हे खोलीत, दोरी ओढता ओढता सांगितलं. रडल्या नाहीत. मी विचारलं, "मग आता?" तर म्हणाल्या, "काई नाई. तिची माय होती, तिले माहीत पायजे होतं. आता माहीत हाये." मग दोरी सोडत म्हणाल्या, "आता ते घरी नाई येनार, मॅडम. भावाचं घर तुटलं तिचं. म्या तोडलं."

हे असं झालं. म्हणजे आधीचं ओझं उतरवायला गेल्या आणि नवीन घेऊन आल्या. आपण मन मोकळं करा म्हणतो तेव्हा, ते जिथं मोकळं होतं तिथं कोण उभं आहे, हे विचारत नाही. मी 'सांगू नका' म्हटलं होतं ते चुकीच्या कारणासाठी, पण मग 'सांगा' म्हणणंही माझ्यानं झालं नसतं. अजूनही सांगता येत नाही.

हात मात्र सुटायला लागला. सांगून टाकल्यामुळे सुटला असं मी म्हणणार नाही, गोळ्या होत्या, झोप होती, रोजची दोरी होती. पण इतकं पाहिलं की आता थेरपिस्टला आधार द्यावा लागत नव्हता. दुखायला लागलं की त्या म्हणत, "मले दुखते." पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा त्यालाच कळलं नाही, त्यानं हातच खाली घेतला. त्या म्हणाल्या, "नेऊ द्या. दुखते म्हनूनशान सांगितलं, थांबा नाई म्हटलं."

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्यानं त्यांची परीक्षा घेतली. दोन्ही हात मानेमागे न्यायला लावले, मग अंबाडा सोडून पुन्हा बांधायला लावला. त्यांनी बांधला. वाकडा झाला, एक बट कानावर लोंबत राहिली, पण दोन्ही हातांनी बांधला. नागपूरला आता भूल घ्यायला जायचं कारण उरलं नाही. चाचींनी त्यांची बलाएँ घेतली, दृष्ट काढावी तशी कडकडा बोटं मोडली. मी त्यांना शंभरपैकी ऐंशी दिले. त्या म्हणाल्या, "लई झाले."

भाऊबीजेला मी बेल्याला गेले. भावाला ओवाळलं. आई ओट्यावर ऊन खात बसली होती. वहिनी स्वयंपाकघरात होती, मी जाऊन तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, "तुला रात्री झोप लागते का गं?" तिनं हातातली पुरी तशीच धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची चोरी पकडली. मग म्हणाली, "काऊन विचारता, ताई?" मी म्हटलं, "सहज." पण पुऱ्या तळून होईपर्यंत तिनं मला उठू दिलं नाही. रात्री मी सांगितलं, आईला महिनाभर माझ्याकडे नेते. ती नको म्हणाली. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या गावाला गेले. घराच्या पायरीवर ताई बसल्या होत्या, केस मोकळे, ओले. त्यांच्या मागे वरच्या पायरीवर एक थोराड बाई बसली होती. हातात फणी, शेजारी तेलाची वाटी. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण ताईंच्या नवऱ्याला मी नुकतंच अंगणात पाहिलं होतं. भावाचं नाक बहिणीला असतं, मी ओळखलं. सुनेनं मला हळूच सांगितलं की काल आल्या, भावाला ओवाळायला म्हणून. ताईंशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

सकाळी ताई न्हाऊन केस सोडून बाहेर आल्या, एवढंच झालं होतं. ननंदेनं पाहिलं आणि फणी घेऊन मागे येऊन बसली.

मी समोर खाटेवर बसले. ननंद जटा सोडवत होती, जरा जास्तच ओढून, असं मला वाटलं. ताईंची मान मागे झुकत होती आणि त्या दात खाऊन बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, तळवे उघडे. बऱ्याच वेळानं ननंद माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी दवाखान्यातल्या मॅडम नं? हिचा हात कधी पुरन हो डोक्यालोक?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, समोर अंगणात कुठंतरी बघत होत्या. फणी थांबली होती. आठवड्यापूर्वी त्या हातानं बांधलेला अंबाडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, त्याला मार्कही दिले होते.

ताईच म्हणाल्या, हळू, "नाई पुरत अजून."

मी म्हटलं, "वेळ लागेल."

ननंदेनं तेलाची वाटी जवळ ओढली. भांग पाडला, मधोमध, नीट. मग वहिनीच्या डोक्यावर तेलाचा हात ठेवून म्हणाली, "मंग येत जाईन म्या. डोकं धुतलं का फोन करत जाय."

"हो," ताई म्हणाल्या.